गावाचा अभ्यास : एकही उंबरा सुटू नये

माती परीक्षण केल्याशिवाय खतांची मात्रा ठरवू नये, ही शिफारस आता बहुतेकांना पाठ झाली आहे. नमुना शेतातून नागमोडी पद्धतीने फिरून घ्यावा, एकाच जागेची माती घेऊ नये, हेही आपण जाणतो. गावाच्या विकासाचा आराखडा करताना मात्र हा नियम विसरला जातो. पारावर किंवा ग्रामपंचायत कार्यालयात जमलेल्या पंधरा-वीस जणांना विचारून गावाच्या गरजा लिहिल्या जातात. तो गावाचा नमुना नसून एका कोपऱ्याचा नमुना होय. मातीचा नमुना घेताना आपण बांधाकडेची जागा टाळतो. गावाचा अभ्यास करताना मात्र बांधाकडेच्या वस्तीपासूनच सुरुवात करावी लागते. असा अभ्यास गावकऱ्यांनी स्वतः कसा करावा, याची माहिती या लेखात दिली आहे.

जालना जिल्ह्यात याची गरज का?

1 मे 1981 रोजी स्थापन झालेल्या जालना जिल्ह्यात आठ तालुके आहेत. 2011 च्या जनगणनेनुसार जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे 2 टक्के आहे. भिल्ल, पारधी व इतर जमातींची ही कुटुंबे एका भागात एकवटलेली नाहीत. कुठे दहा, कुठे पंधरा घरे गावाबाहेर, गायरानाच्या कडेला किंवा नाल्याकाठी वसलेली आढळतात.

मराठवाड्यात नांदेड जिल्ह्यातील किनवटचा भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. जालना जिल्हा त्यात येत नाही. त्यामुळे अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा 1996 चा पेसा कायदा येथे लागू नाही. दोनशे उंबऱ्यांच्या गावात दहा घरांची वस्ती हात वर करून बहुमत मिळवू शकत नाही. म्हणून तिची अडचण आराखड्यात यायची असेल, तर ती मतांनी नव्हे, अभ्यासाने आली पाहिजे.

जुन्या हैदराबाद संस्थानातील धडा

जालना पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. त्याच संस्थानातील आदिलाबाद जिल्ह्यात 1940 साली कुमराम भीम यांच्या नेतृत्वाखाली गोंडांचा उठाव झाला आणि जोडेघाट येथे भीम मारले गेले. त्या वेळी आजचे किनवट व राजुरा हे तालुकेही आदिलाबाद जिल्ह्यातच होते. उठावानंतर क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने गोंडांच्या वस्त्यांवर राहून अभ्यास केला.

त्यांच्या अभ्यासातील एक गोष्ट शेतकऱ्याला लगेच पटेल. हलक्या जमिनीत काही वर्षे पीक घेतल्यावर गोंड ती जमीन विसाव्यासाठी पडीक ठेवत व दुसरा तुकडा कसत. महसुली कागदावर मात्र पडीक म्हणजे मोकळी जमीन. अशा जमिनी बाहेरून आलेल्यांच्या नावे लागल्या, काही राखीव जंगलाच्या हद्दीत गेल्या. गोंडांची मशागतीची रीत कोणी समजून घेतली नव्हती, म्हणून ही जमीन हातची गेली. अभ्यासातून हे कारण पुढे आल्यावर गोंड व कोलाम कुटुंबांना पट्टे देण्याचे काम सरकारने हाती घेतले आणि मार्लवाई येथे गोंडी भाषेतून शिकवणारे शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले. योग्य प्रश्न विचारला, तर अभ्यासातून जमिनीचा कागदही हाती येऊ शकतो, असा हा धडा आहे.

कडवंचीचा धडा

दुसरे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातील आहे. जालना तालुक्यातील कडवंची येथे 1996 पासून इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमात काम झाले. मराठवाडा शेती साहाय्य मंडळ व खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र यांनी श्री. विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली ते उभे केले. या कार्यक्रमाचा कणा म्हणजे ‘नेट प्लॅनिंग’. कार्यालयात बसून नकाशावर रेघा न ओढता, प्रत्येक गट नंबरात शेतकरी कुटुंबासोबत उभे राहून, कोठे बांध हवा, कोठे चर हवा, उतार किती, मातीची खोली किती हे ठरविले गेले. ज्याच्या शेतात काम त्याच्या संमतीने ते झाल्यामुळे टिकले. पुढे शेततळी व ठिबकची जोड मिळाली आणि कडवंची द्राक्षाचे गाव म्हणून ओळखले जाऊ लागले.

या पद्धतीची मर्यादाही समजून घ्यावी. नेट प्लॅनिंग गट नंबरावर चालते. ज्याच्या नावे सातबारा नाही, त्याच्यापर्यंत ते आपोआप पोचत नाही. गायरानाचा तुकडा कसणारा, शेळ्या राखणारा, ऊसतोडीला जाणारा, शेडनेटमधील बीजोत्पादनात परागीकरणाची मजुरी करणारी बाई ही सर्व माणसे त्याच पाणलोटात राहतात. त्यांच्यासाठी गटवार नियोजनाला वस्तीवार अभ्यासाची जोड द्यावी लागते. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या 2018 मध्ये सुरू झालेल्या पहिल्या टप्प्यात जालन्यासह 15 जिल्हे होते व त्यात गावोगाव सूक्ष्म नियोजन झाले. आपल्या गावात असे कागद तयार असतील तर ते मागवून पाहावेत व त्यात वस्तीची नोंद आहे का ते तपासावे.

अभ्यास कसा करावा?

1) वेळ निवडणे : ऊसतोडीची कुटुंबे साधारण दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात व मार्च-एप्रिलमध्ये परततात. ग्रामपंचायत विकास आराखड्याचे काम बहुधा 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होऊन हिवाळ्यात चालते. म्हणजे आराखडा लिहिला जातो तेव्हा वस्तीवर म्हातारी माणसे व मुलेच असतात. अभ्यास एप्रिलमध्ये करावा व 1 मे च्या ग्रामसभेत मांडावा. दिवसाची वेळही पाहावी. मजुरीवर जाणाऱ्या माणसांशी सकाळी दहा वाजता बोलणे होत नाही, संध्याकाळी चूल पेटल्यानंतर होते.

2) सामाजिक नकाशा : वस्तीवरील मोकळ्या जागेत रांगोळी, खडे, बिया वापरून जमिनीवरच गावाचा नकाशा काढावा. काठी वस्तीवरच्या माणसाच्या हाती द्यावी. प्रत्येक घर, विहीर, हापसा, रस्ता, गायरान, स्मशानभूमी दाखवावी. स्त्रियांचा नकाशा वेगळा काढावा. पुरुषांच्या नकाशात विहिरी व रस्ते ठळक येतात, तर स्त्रियांच्या नकाशात सरपण व पाणी आणण्याच्या वाटा येतात. पूर्ण झालेला नकाशा कागदावर उतरवून एक प्रत वस्तीवर ठेवावी.

3) शिवारफेरी : माथ्यापासून पायथ्यापर्यंत शिवारातून चालत जावे. सोबत एक बागायतदार, एक कोरडवाहू शेतकरी, एक शेळीपालक व वस्तीवरील दोन स्त्रिया असाव्यात. प्रत्येक टप्प्यावर जमीन कोणती, पीक कोणते, ती कोण कसतो, चारा-सरपण कोण नेतो, पाणी कोणाला मिळते हे लिहावे. गायरान कसणाऱ्यांची नोंद तलाठ्याकडील गाव नमुना एक-ई या अतिक्रमणाच्या नोंदवहीशी ताडून पाहावी. शासनाच्या 1991 च्या निर्णयात 14 एप्रिल 1990 पूर्वीची काही अतिक्रमणे नियमित करण्याची तरतूद होती. तेव्हापासून जमीन कसूनही ज्यांची नोंद झाली नाही, त्यांची यादी स्वतंत्र करावी.

4) हंगामी तक्ता : बारा महिन्यांचे बारा चौकोन आखावेत. काम, चारा, पाणी, आजारपण व उसनवारी यांसाठी प्रत्येक महिन्यात कमी-जास्त खडे ठेवण्यास सांगावे. ज्या महिन्यात कामाचे खडे कमी व उसनवारीचे जास्त, त्या महिन्यात रोजगार हमीचे काम काढल्यास त्याचा खरा उपयोग होतो.

5) क्रमवारी : वाण, झाडे, कामे यांना पसंतीक्रम द्यावयास सांगावे व प्रत्येक वेळी ‘का’ हे विचारावे. उदाहरणार्थ, बदनापूर येथील कृषी संशोधन केंद्राने तुरीचा बीडीएन-711 हा वाण दिला. तो सुमारे 150 ते 155 दिवसांत येतो व पावसाचा ताण पडण्यापूर्वी निघतो. विक्रीसाठी तूर घेणारा यास पहिला क्रमांक देईल. तुऱ्हाट्यांवर चूल चालविणारी व हिरव्या शेंगा घरी वापरणारी बाई उंच वाढणाऱ्या गावरान तुरीला वर ठेवू शकेल. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. प्रात्यक्षिक देण्यापूर्वी ती कळली, तर बियाणे वाया जात नाही.

6) पडताळा : एकाच गोष्टीची माहिती तीन बाजूंनी घ्यावी. ग्रामपंचायतीचा आकडा, वस्तीवर मिळालेले उत्तर व प्रत्यक्ष पाहणी जुळत नसतील, तर तेथेच थांबून कारण शोधावे. फरक सापडणे हीच अभ्यासाची मिळकत असते.

चराईबंदीचा हिशेब

अभ्यास नसेल तर चांगल्या कामाचा भार कोणावर पडतो, हे एका हिशेबाने पाहू. पाणलोटाच्या कामात चराईबंदी आवश्यक असते, कारण चरांवरील गवत व रोपे जगली तरच माती थांबते. समजा, एका भूमिहीन कुटुंबाकडे 30 किलो वजनाच्या पाच शेळ्या आहेत. शेळीला वजनाच्या 3 ते 5 टक्के शुष्क चारा लागतो. मध्यम म्हणजे 4 टक्के धरल्यास एका शेळीला रोज 1.2 किलो, पाच शेळ्यांना 6 किलो व वर्षाला सुमारे 22 क्विंटल चारा लागेल. गायरान एकदम बंद केल्यास हा 22 क्विंटल चारा त्या कुटुंबाने कोठून आणावा? तो मिळाला नाही तर शेळ्या विकाव्या लागतात. मग विहिरीचे पाणी वाढते बागायतदाराचे आणि त्यासाठी शेळ्या जातात भूमिहीनाच्या.

यावर उपाय आहेत. गायरानाचे तीन भाग करून एका वेळी एकच भाग बंद ठेवावा. बंद भागात स्टायलो, मारवेल व दशरथ गवत लावून कापून नेण्याचा पहिला हक्क भूमिहीन शेळीपालकांना द्यावा. बांधावर शेवरी, सुबाभूळ लावणाऱ्या शेतकऱ्यांनी पाला ठरावीक दिवशी उपलब्ध करून द्यावा. गवत व रोपे लावण्याची मजुरी त्याच वस्तीला द्यावी. हे सर्व ठराव चर खोदण्यापूर्वी झाले पाहिजेत.

माहिती घेताना पाळावयाची पथ्ये

* अभ्यास कशासाठी, माहितीचे काय होणार हे आधी सांगावे. नको म्हणणाऱ्या घराचा आग्रह धरू नये. ब्रिटिश सरकारच्या 1871 च्या कायद्याने पारध्यांसह अनेक जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरविले व त्यांची नोंदवहीत हजेरी घेतली जाई. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला. कोणी वही घेऊन दारात आले की या घरांत आजही दडपण येते, त्याचे मूळ तेथे आहे.
* लेखनिक वस्तीवरील शिकलेला मुलगा किंवा मुलगी असावी.
* जे लिहिले ते उठण्यापूर्वी सर्वांना वाचून दाखवावे व दुरुस्ती करून घ्यावी.
* औषधी वनस्पती व जुन्या बियाण्यांची माहिती संबंधितांच्या परवानगीशिवाय बाहेर देऊ नये. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार गावाची लोक जैवविविधता नोंदवही असते. 2001 च्या वाण संरक्षण कायद्यानुसार शेतकऱ्याला आपला पारंपरिक वाण विनाशुल्क नोंदविता येतो.

या शेवटच्या मुद्द्याचे मोल राहीबाई पोपेरे यांच्या कामावरून कळते. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील महादेव कोळी समाजातील या शेतकरी भगिनीने गावरान बियाणे जपले. बाएफ संस्थेच्या सहकार्याने त्यातून बियाणे बँक उभी राहिली व 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपला जिल्हा बियाणे उद्योगासाठी देशभर ओळखला जातो. अशा जिल्ह्यातील वस्त्यांवर भगर, राळा, गावरान तूर वा वेलभाज्यांचे कोणते बियाणे शिल्लक आहे, याचीही मोजदाद व्हावी.

निष्कर्षाचे काय करावे?

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने श्री. देवाजी तोफा व ‘वृक्षमित्र’चे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने अभ्यासगट चालविले. एखादा विषय अभ्यासगटात समजून घ्यावयाचा व मग ग्रामसभेने सर्वांच्या संमतीने निर्णय घ्यावयाचा, अशी तेथील रीत आहे. या गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. आपल्याकडे जंगल कमी व कायदा वेगळा असला, तरी अभ्यासगटाची रीत उचलता येते. सात ते नऊ जणांचा गट करावा, त्यात निम्म्या स्त्रिया व प्रत्येक वस्तीचा एक तरी माणूस असावा.

गटाने नकाशा, हंगामी तक्ता व शिवारफेरीची नोंद आधी वस्तीवर, नंतर महिला सभेत व शेवटी ग्रामसभेत मांडावी. प्रत्येक कामापुढे तीन रकाने ठेवावेत : लाभ कोणाला, भार कोणावर, भरपाई काय. तिसरा रकाना रिकामा असेल तर त्या कामाचा ठराव पुढील सभेपर्यंत थांबवावा. मंजूर झालेली कामे विकास आराखड्यात नोंदवून घ्यावीत व ठरावाची प्रत वस्तीवर द्यावी. पुढील एप्रिलमध्ये त्याच वाटेने पुन्हा शिवारफेरी काढून काय झाले व काय राहिले हे पाहावे.

या कामास खर्च फारसा नाही. रांगोळी, मोठे कागद, एक वही व चार संध्याकाळी एवढीच तयारी लागते. ज्या गावांना नकाशा व शिवारफेरीचे प्रात्यक्षिक हवे असेल, त्यांनी जवळच्या कृषी महाविद्यालयाशी किंवा खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा. ऊसतोडीची माणसे गावी परतल्यावर पहिल्या आठवड्यातच सुरुवात करावी, म्हणजे 1 मे पूर्वी अभ्यास पूर्ण होईल.