टाकाऊ पॉवर सप्लायपासून चार्जरपर्यंत : सुरक्षित प्रयोगाचा एक पाठ





इतिहास शिकविणाऱ्या शिक्षकाने स्मरणिकेत विजेच्या तारांविषयी लेख लिहावा, याचे अनेकांना नवल वाटेल. त्यामागील कारण प्रथम सांगणे योग्य होईल.

आपल्या संगणक कक्षातील नादुरुस्त संगणक बरीच वर्षे एका खोलीत पडून होते. विज्ञान प्रदर्शनासाठी रिमोटवर चालणारी गाडी तयार करणाऱ्या मुलांना त्या गाडीच्या बॅटरीसाठी चार्जर मिळाला होता. परंतु तो चार्जर भिंतीवरील प्लगला थेट जोडता येत नव्हता. त्याला १२ व्होल्टचा एकदिश विद्युतप्रवाह हवा होता. जुन्या संगणकातील पॉवर सप्लाय, म्हणजे ज्याला आपण एसएमपीएस म्हणतो, तो १२ व्होल्ट देतो, हे मुलांना ठाऊक होते. इयत्ता नववीतील एका मुलाने संध्याकाळच्या वंदनेनंतर ती पत्र्याची पेटी स्क्रू काढून उघडली आणि आत बोट घातले. त्याला असा झटका बसला की हात मागे फेकला जाऊन कोपर बाकाच्या कडेवर आदळले. सुदैवाने बोटावरील भाजल्याच्या लहानशा डागावर ते निभावले.

मी घाबरलो. सर्व सामान कपाटात बंद केले आणि कोणीही त्याला हात लावू नये, असे बजावले. दुसऱ्या दिवशी तो मुलगा माझ्यासमोर उभा राहिला व म्हणाला, "सर, प्लग तर मी काढला होता. मग वीज आली कुठून?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. ज्या प्रश्नाचे उत्तर मला देता येत नाही, त्या प्रश्नावर मी कुलूप लावले होते. हे मला फार लागले. आपल्या पूर्वजांनाही ज्ञानाच्या दारावर कुलूपच पाहावे लागले होते.

आयटीआयमधून वीजतंत्री होऊन अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारा आपला एक माजी विद्यार्थी रविवारी शाळेत आला. त्याने आम्हा सर्वांना, मलाही, पुढील पाठ दिला. तो येथे लिहून ठेवीत आहे.

वीज आली कुठून?

आपल्या घरी येणारी वीज २३० व्होल्टची, दर सेकंदाला ५० वेळा आवर्तन करणारी असते. पॉवर सप्लायमध्ये शिरताच ती एकदिश केली जाते आणि मोठ्या कॅपॅसिटरमध्ये साठविली जाते. तेथील दाब सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत जातो, कारण २३० हे सरासरीच्या विशिष्ट पद्धतीने काढलेले मूल्य असून लहरीचे शिखर त्याहून उंच असते. पुढे ही वीज अतिशय वेगाने चालू-बंद करून लहान ट्रान्सफॉर्मरमधून नेली जाते व तिची १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये विभागणी होते. प्लग काढला तरी कॅपॅसिटरमधील साठा लगेच संपत नाही. तो रिकामा करणारा आतील भाग बिघडला असल्यास तो अधिकच काळ टिकतो. त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर हेच होते.

म्हणून पहिला नियम : पेटी उघडायची नाही. त्याची गरजही नाही. आपल्याला लागणाऱ्या सर्व तारा पेटीच्या बाहेरच आलेल्या असतात.

योग्य पेटीची निवड

पेटीवरील लेबल वाचावे. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अॅम्पिअर लिहिले आहेत, ते महत्त्वाचे. वर मोठ्या अक्षरांत छापलेल्या एकूण वॅटवर विसंबू नये. समजा, चार्जर ५० वॅटचा आहे. थोडी ऊर्जा उष्णतेत जात असल्याने तो सुमारे ६० वॅट घेईल. ६० भागिले १२ म्हणजे ५ अॅम्पिअर. लेबलवर १० अॅम्पिअर असतील तर पेटीवर निम्माच भार येतो. जुन्या वस्तूकडून लेबलवरील आकड्याच्या साठ टक्क्यांहून अधिक काम घेऊ नये. पंखा फिरत नसेल, जळका वास येत असेल किंवा मुख्य वायर सोललेली असेल, तर ती पेटी बाद समजावी.

तारांचे रंग व जोडणी

काळी तार ऋण, पिवळी १२ व्होल्ट, लाल ५ व्होल्ट, नारिंगी ३.३ व्होल्ट. जांभळ्या तारेत पेटी 'बंद' असतानाही ५ व्होल्ट असतात. हिरवी तार एकच असते; ती काळ्या तारेला जोडली की पेटी सुरू होते. काही कंपन्यांच्या जुन्या संगणकांत ही रचना वेगळी आढळते. म्हणून रंगावर विश्वास ठेवण्यापूर्वी मल्टिमीटरने खात्री करावी.

सर्व जोडण्या प्लग काढून, दहा मिनिटे थांबून कराव्यात. हिरवी आणि काळी यांच्यामध्ये लहान स्विच बसवावा. कागदाची टाचणी वाकवून घातलेला जोड केवळ तपासणीपुरता ठीक, कायमच्या वापरासाठी नाही. पिवळ्या तीन तारा एकत्र करून एका टर्मिनलला व काळ्या तीन तारा दुसऱ्या टर्मिनलला जोडाव्यात. एकाच बारीक तारेतून सर्व प्रवाह नेल्यास ती तापते. पिवळ्या बाजूला मोटारगाडीत वापरतात तसा ७.५ अॅम्पिअरचा फ्यूज घालावा. उरलेल्या तारांची टोके एकेक वेगळी झाकावीत; सर्वांना मिळून एकच चिकटपट्टी गुंडाळणे धोक्याचे आहे.

अनेक जुन्या पेट्यांत ५ व्होल्टच्या बाजूला काही भार नसेल, तर १२ व्होल्टचा दाब स्थिर राहत नाही. यासाठी लाल व काळ्या तारेमध्ये १० ओहम, १० वॅटचा पांढरा सिमेंट रेझिस्टन्स लावावा. त्यातून अर्धा अॅम्पिअर प्रवाह जातो आणि अडीच वॅट उष्णता निर्माण होते. तो हाताला चटका देण्याइतका तापतो. म्हणून लाकूड, प्लास्टिक व तारांपासून दूर, पत्र्यावर बसवावा.

आता मल्टिमीटर लावावा. १२ व्होल्टच्या बाजूचे वाचन ११.४ ते १२.६ यांच्या दरम्यान यावयास हवे. चार्जर सुरू केल्यावर पुन्हा मोजावे. दाब ११.४ च्या खाली उतरत असेल तर ती पेटी या कामास योग्य नाही.

अर्थिंग व दोन पेट्यांचा मोह

या पेटीची काळी तार पत्र्याच्या अंगाला व अर्थिंगला जोडलेली असते. म्हणून तीन पिनांचा प्लग आणि खरोखर चालू असलेले अर्थिंग आवश्यक आहे. तिसरी पिन मोडून वापरण्याची आपल्या वस्त्यांतील सवय सोडावी लागेल. याच कारणाने २४ व्होल्ट मिळविण्यासाठी दोन पेट्या एकापुढे एक जोडू नयेत. दोन्हींच्या काळ्या तारा अर्थिंगमधून आधीच एकत्र आलेल्या असल्याने एक पेटी शॉर्ट होते.

बॅटरीची शिस्त

पॉवर सप्लायची तार थेट बॅटरीला कधीही जोडू नये. पेटी चार्जरला वीज देते. बॅटरीत किती वीज भरायची व केव्हा थांबायचे, हे चार्जर ठरवितो. लिथियम पॉलिमर बॅटरीचा प्रत्येक सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो. तीन सेलांची बॅटरी १२.६ व्होल्टला. चार्जरवर सेलांची संख्या चुकीची दिली तर आग लागू शकते. बॅलन्सची बारीक तारांची पिन जोडलीच पाहिजे. २२०० मिलिअॅम्पिअर-तासांची बॅटरी २.२ अॅम्पिअरपर्यंतच्या प्रवाहाने भरावी. फुगलेली, दबलेली वा टोचलेली बॅटरी चार्ज करू नये. चार्जिंग फरशीवर करावे, गादीवर नाही. जवळ वाळूची बादली असावी आणि कोणी तरी जागे असावे. वसतिगृहात रात्री चार्जिंग करण्यास म्हणूनच मनाई आहे.

मनाई आणि समज

वरील पाठातही 'करू नये' अशी वाक्ये पुष्कळ आहेत. मग माझे कपाटाचे कुलूप व हे नियम यांत फरक कोणता? कुलूप कारण सांगत नाही. या प्रत्येक नियमामागे कारण आहे आणि ते मुलाला मोजून पाहता येते. तथागतांनी आपला धम्म 'एहिपस्सिक' म्हटला, म्हणजे येऊन स्वतः पारखून घ्यावा असा. त्या मुलाच्या हातात मल्टिमीटर दिल्यावर त्याने प्रथम पिवळी तार मोजली व आकडा वहीत लिहिला. त्यानंतर पेटी उघडू नकोस, असे त्याला मला पुन्हा सांगावे लागले नाही.

परमपूज्य बाबासाहेब जुलै १९४२ पासून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. वीज हा विषयही त्यांच्याकडे होता. मुबलक व स्वस्त विजेवाचून उद्योग नाहीत, आणि उद्योगांवाचून दारिद्र्यातून सुटका नाही, ही त्यांची धारणा होती. त्यांच्याच कार्यकाळात १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. त्यांना वीज शेवटच्या घरापर्यंत पोहोचावीशी वाटत होती. ती आज बुवापाड्यात पोहोचली आहे. विजेचे ज्ञान मात्र अजून पोहोचवायचे आहे.

बुवापाड्याच्या एका बाजूस अंबरनाथचे कारखाने, तर दुसऱ्या बाजूस उल्हासनगरचे बाजार व दुरुस्तीची दुकाने. आपल्या काही पालकांचा चरितार्थ भंगारावर चालतो. तांब्यासाठी अशा पेट्या फोडणारे हात पुष्कळदा आपल्याच माणसांचे असतात. त्या हातांना ३२५ व्होल्टची गोष्ट सांगणे, हे मला इतिहास शिकविण्याइतकेच कर्तव्य वाटते. पालकांना विनंती की, घरी हा भाग मुलांकडून वाचून घ्यावा. निरुपयोगी पेट्या व बॅटऱ्या कचऱ्यात टाकू वा जाळू नयेत. अधिकृत ई-कचरा संकलकाकडेच द्याव्यात.

माजी विद्यार्थ्यांपैकी जे या क्षेत्रात आहेत, त्यांनी वर्षातून एक रविवार शाळेला द्यावा. कपाट आता उघडे आहे. त्याची किल्ली त्या मुलाकडे असते. तो आता दहावीत असून नववीच्या मुलांना हा पाठ तोच शिकवितो.

जयभीम! नमो बुद्धाय!