लिनक्सवर खासगीपणा जपणारा ब्राउझर : बसवावा कसा आणि पुरता काढावा कसा



पर्वत पाटिया, गोडादरा, लिंबायत या आपल्या भागात ज्या घरी संगणक आहे, तेथे तो बहुधा एकच असतो. त्याच संगणकावर ताई शिष्यवृत्तीचा अर्ज भरते, बाबा बँकेचे खाते पाहतात, काका साड्यांच्या मालाचे बिल काढतात आणि धाकटा भाऊ खेळ शोधतो. कापड बाजारातील एखाद्या पेढीने नवा संगणक घेतला की जुना कोणाच्या तरी घरी येतो. अशा संगणकात आधीच्या माणसाचे काय काय शिल्लक आहे आणि आपण तो पुढे देऊ तेव्हा आपले काय काय त्याच्याबरोबर जाईल, याचा विचार सहसा कोणी करत नाही. या पाठात आपण तो करणार आहोत.

विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. पुष्कळ जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. अशा संगणकांसाठी लिनक्स हा चांगला मार्ग आहे. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा गाभा लिहिला. आज उबुंटू, डेबियन, लिनक्स मिंट अशा अनेक रूपांत ती विनामूल्य मिळते. आपल्या देशात सी-डॅक या सरकारी संस्थेने डेबियनच्या आधारे ‘बॉस’ नावाची लिनक्स प्रणाली तयार केली आहे.

खासगीपणा जपणारा म्हणजे काय?

ब्राउझर म्हणजे संकेतस्थळे पाहण्याचे साधन. मराठीत त्याला न्याहाळक असेही म्हणतात. आपण एखादे पान उघडतो तेव्हा ते संकेतस्थळ आपल्या संगणकात ‘कुकी’ नावाची छोटी नोंद ठेवते. आपली ओळख पुढच्या वेळी पटावी हा तिचा साधा उपयोग. पण एकाच जाहिरात कंपनीचा तुकडा शंभर संकेतस्थळांवर असेल, तर ती कंपनी आपण कोठे कोठे गेलो याची माळ ओवू शकते. यालाच मागोवा घेणे म्हणतात.

हा मागोवा अडवणारे काही ब्राउझर आहेत. ब्रेव्ह, टॉर ब्राउझर आणि लिब्रेवुल्फ ही त्यांतील परिचित नावे. या पाठासाठी आम्ही लिब्रेवुल्फ निवडला आहे. फायरफॉक्सचा मूळ मजकूर सर्वांना खुला आहे. तो घेऊन काही स्वयंसेवकांनी हा ब्राउझर घडवला. वापराची माहिती मूळ कंपनीकडे पाठवण्याची सोय त्यातून काढून टाकली आहे, जाहिराती अडवणारे ‘युब्लॉक ओरिजिन’ त्यात आधीच बसवलेले असते आणि ब्राउझर बंद करताच कुकी पुसल्या जातात.

बसवण्याची रीत

पुढील रीत उबुंटू व डेबियनसाठी आहे. आज्ञा ‘टर्मिनल’ या खिडकीत द्यायच्या. येथे त्यांचा उच्चार दिला आहे. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरेच वापरावीत. स्पेलिंग आम्ही तासाला फळ्यावर लिहून देऊ.

१) सुडो ॲप्ट अपडेट. उपलब्ध सॉफ्टवेअरची यादी ताजी होते. ‘सुडो’ लिहिले की संगणक पासवर्ड विचारतो. तो टाइप करताना पडद्यावर बऱ्याचदा काहीच उमटत नाही. कळफलक बिघडला असे समजू नये.

२) सुडो ॲप्ट इन्स्टॉल एक्स्ट्रेपो. बाहेरची विश्वासू भांडारे जोडून देणारे हे साधन आहे.

३) सुडो एक्स्ट्रेपो एनेबल लिब्रेवुल्फ. लिब्रेवुल्फचे भांडार आणि त्याची सही तपासण्याची किल्ली संगणकात नोंदवली जाते.

४) पुन्हा सुडो ॲप्ट अपडेट. नव्या भांडाराची यादी येते.

५) सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिब्रेवुल्फ.

एवढे सायास कशाला, कोठूनही फाइल उतरवून का घेऊ नये, असे कोणी विचारेल. भांडारातून आलेल्या मालावर बनवणाऱ्याची अंकीय सही असते आणि संगणक ती तपासून घेतो. वाटेत कोणी फेरफार केला असेल, तर सही जुळत नाही आणि काम तेथेच थांबते. शिवाय पुढच्या सुधारित आवृत्त्या प्रणालीच्या नेहमीच्या अपडेटबरोबर येत राहतात. जुनाट राहिलेला ब्राउझर कितीही खासगी म्हणवला, तरी सुरक्षित नसतो.

वापरताना दोन गोष्टी विचित्र वाटतील. कुकी पुसल्या जात असल्याने प्रत्येक वेळी नव्याने लॉगिन करावे लागते. आणि काही संकेतस्थळांवर वेळ साडेपाच तास मागे दिसते, कारण आपली ओळख पटू नये म्हणून हा ब्राउझर भारताची वेळ न सांगता जागतिक प्रमाणवेळ सांगतो. परीक्षेची किंवा मुलाखतीची वेळ पाहताना हे ध्यानात ठेवावे.

काय झाकले जात नाही?

खासगी ब्राउझर म्हणजे अदृश्य होण्याची टोपी नव्हे. आपण कोणत्या संकेतस्थळाशी जोडले गेलो, हे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला कळू शकते. ज्या संकेतस्थळावर आपण स्वतःच नाव आणि पासवर्ड दिला, त्याला आपण कोण हे ठाऊकच असते. आणि उतरवून घेतलेली गुणपत्रिका, आधार कार्डाची प्रत, बँकेचा उतारा हे सारे ‘डाउनलोड्स’ फोल्डरमध्ये तसेच पडून राहते. ब्राउझर ते पुसत नाही.

काढण्याची रीत

ब्राउझर काढणे म्हणजे त्याचे चित्र पडद्यावरून जाणे, असा समज आहे. खोली रिकामी करून किल्ली परत दिली, पण हिशेबाची वही माळ्यावरच राहिली, तर घर सोडले म्हणता येईल का? ब्राउझरचेही तसेच आहे. त्याचा कार्यक्रम प्रणालीच्या जागेत असतो. आपला इतिहास, खुणेची पाने आणि जतन केलेले पासवर्ड ‘प्रोफाइल’ नावाच्या फोल्डरमध्ये, आपल्या स्वतःच्या ‘होम’मध्ये असतात. कार्यक्रम काढला तरी प्रोफाइल राहते. म्हणून क्रम असा ठेवावा :

१) खुणेची पाने हवी असतील, तर ती आधी फाइलमध्ये काढून घ्यावीत.

२) पत्त्याच्या जागी ‘अबाउट’, मग विसर्गासारखी दोन टिंबे, मग ‘प्रोफाइल्स’ असे जागा न सोडता लिहावे. उघडलेल्या पानावर ‘रूट डिरेक्टरी’ व ‘लोकल डिरेक्टरी’ यांपुढे प्रोफाइलचा व तात्पुरत्या साठ्याचा पत्ता दिसतो. दोन्ही वहीत उतरवून घ्यावेत. मग ब्राउझर बंद करावा.

३) सुडो ॲप्ट पर्ज लिब्रेवुल्फ. ‘रिमूव्ह’ ही आज्ञा कार्यक्रम काढते. ‘पर्ज’ त्याबरोबर प्रणालीतील मांडणीच्या फाइलीही काढते. पण ‘पर्ज’सुद्धा आपल्या होमला हात लावत नाही.

४) सुडो एक्स्ट्रेपो डिसेबल लिब्रेवुल्फ. आता भांडाराची नोंद बंद झाली.

५) फाइलींच्या खिडकीत कंट्रोल व एच एकत्र दाबावे. टिंबाने सुरू होणारे लपलेले फोल्डर दिसू लागतात. वहीत लिहिलेल्या पत्त्यांवरील लिब्रेवुल्फचे फोल्डर पुसावेत आणि कचरापेटी रिकामी करावी. दुसऱ्या कोणाच्या नावाचा फोल्डर पुसू नये.

६) संगणकावर घरातील तिघांची वेगवेगळी खाती असतील, तर प्रोफाइलही तीन असतात. पाचवी पायरी तिन्ही खात्यांत करावी.

७) शेवटी ‘डाउनलोड्स’ पाहावे.

दुसऱ्या मार्गाने बसवलेला ब्राउझर त्याच मार्गाने काढावा. ‘फ्लॅटपॅक’ने बसवला असेल, तर त्याची माहिती होममधील ‘डॉट वार’ या लपलेल्या फोल्डरमध्ये असते आणि तीही वेगळी पुसावी लागते. टॉर ब्राउझर बहुधा एकाच फोल्डरमध्ये उलगडून वापरतात. तो फोल्डर पुसून कचरापेटी रिकामी केली की काम संपते.

पालक व विश्वस्तांसाठी

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला. त्यात १८ वर्षांखालील मुलांचा मागोवा घेण्यास आणि त्यांच्यावर नेम धरून जाहिराती दाखवण्यास मनाई आहे. कायदा कंपन्यांना बांधतो, पण आपल्या संगणकात राहिलेली आधारची प्रत कायदा पुसायला येणार नाही. ते काम आपलेच.

संगणक विकायचा किंवा दान द्यायचा असेल, तर वरील सात पायऱ्याही पुरेशा नाहीत. पुसलेल्या फाइली विशेष साधनांनी परत मिळवता येतात. अशा वेळी हव्या त्या फाइली बाजूला काढून संपूर्ण डिस्क पुसावी आणि मगच संगणक दाराबाहेर जाऊ द्यावा. शाळेचा जुना संगणक कोणाला देताना हा नियम लेखी असावा, अशी आमची विश्वस्त मंडळाला विनंती आहे. त्या संगणकांवर आपल्याच मुलांचे अर्ज भरले गेले आहेत.

स्वाध्याय

१) ‘रिमूव्ह’ आणि ‘पर्ज’ यांतील फरक दोन वाक्यांत लिहा.
२) ब्राउझर काढण्याआधी प्रोफाइलचा पत्ता का उतरवून घ्यावा?
३) घरातील मोठ्या माणसाला सोबत घेऊन ‘डाउनलोड्स’ उघडा. कोणाकोणाची कागदपत्रे तेथे आहेत ते पाहा आणि कोणती ठेवायची ते त्यांनाच ठरवू द्या.