क्लाइंबिंगचे बूट : घट्ट हवेत, छळणारे नकोत

ठाण्याच्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. त्यांची बारा वर्षांची मुलगी क्लाइंबिंग वॉलवर जाते आणि आता स्पर्धांतही उतरू लागली आहे. मोठ्या मुली घालतात तसे पुढून खाली वाकलेले बूट तिला हवे आहेत, तेही दोन नंबर लहान. पाय दुखला तरच पकड येते, असं कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलं आहे. आईंनी विचारलं आहे, घ्यावेत का?

ताई, घेऊ नका. वाढत्या वयात पायातल्या हाडांच्या टोकांशी मऊ कूर्चेच्या पट्ट्या असतात, त्यांना आम्ही डॉक्टर ग्रोथ प्लेट म्हणतो. हाड लांबतं ते तिथूनच. मुलींमध्ये साधारण १४ आणि मुलांमध्ये १६ वर्षांच्या आसपास पायातल्या या पट्ट्या हाडात मिसळून जातात. तोवर बोटं दुमडून ठेवणारा बूट रोज तासन्‌तास घालणं म्हणजे वाढत्या हाडाला चुकीचं वळण लावणं. तिला सपाट तळाचा, बोटं सरळ राहतील असा, वेल्क्रोचा बूट घ्या. आपल्याकडे मुलांचे बूट ‘वाढत्या मापाचे’ घ्यायची रीत आहे, ती मात्र इथे चालत नाही. सैल बुटात टाच निसटते आणि घाव घोट्यावर येतो. माप बरोबर घ्या आणि दर तीन महिन्यांनी बोटं पुढे दाबली जात नाहीत ना, ते हाताने चाचपून पाहा. त्या वयातली कामगिरी सरावाने वाढते, बुटाच्या वाकाने नाही. हे प्रशिक्षकांनीही मुलांना स्पष्ट सांगावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

‘जितका लहान बूट तितका चांगला’ या समजामागे एक जुनं कारण आहे. अस्तर नसलेले चामड्याचे बूट वापरून सैल होत, कधी कधी पुरता एक नंबर वाढत. म्हणून अनुभवी मंडळी ते मुद्दाम लहान घ्यायची. पुढे रबरही बदललं. स्पेनच्या बोरिआल कंपनीचा ‘फायर’ हा बूट १९८२ साली आला, त्याचा तळ आधीच्या कुठल्याही बुटापेक्षा कातळाला घट्ट चिकटायचा. आता कृत्रिम कापडाचे बूट फारसे सैलावत नाहीत आणि टाचेभोवतीची रबरी पट्टी पाय आपोआप पुढे रेटून धरते. बूट बदलले, पण लहान नंबर घ्यायची सवय तशीच राहिली.

या सवयीची किंमत आम्हाला दवाखान्यात दिसते. कॉलेजात जाणारा एक मुलगा अंगठा दुखतो म्हणून आला होता. मोजे काढले तर दोन्ही अंगठ्यांची नखं काळी, मधल्या बोटांच्या पेरांवर कडक घट्टे आणि अंगठ्याच्या मुळाशी लाल, सुजलेला उंचवटा. बूट चढवताना पायाला प्लास्टिकची पिशवी घालावी लागते, हे त्याने मोठ्या अभिमानाने सांगितलं. नखाखाली रक्त साकळतं ते नख सतत पुढे दाबलं जाऊन, आणि ते बहुधा बरं होतं. अंगठ्याच्या मुळाशी येणारी गाठ मात्र सहजी जात नाही. अंगठा वर्षानुवर्षं शेजारच्या बोटाकडे ढकलला गेला की सांधा तिरका होतो, पुढे झिजतो. चालताना दर पावलाला हाच सांधा वर वाकावा लागतो. तो आखडला की क्लाइंबिंग राहू द्या, जिना उतरणंही जड जातं. क्लाइंबरांच्या पायांवर जे अभ्यास झाले, त्यांत ही दुखणी वारंवार आढळली आहेत.

मग कोणी काय घ्यावं? पहिलं वर्ष-दीड वर्ष सपाट आणि जरा कडक तळाचा बूट. नवख्याच्या तळव्याचे स्नायू लवकर दमतात, कडक तळ त्यांना आधार देतो. शिवाय नवखा माणूस पाय भिंतीवर घासत नेतो, त्यामुळे चार मिलिमीटरच्या आसपास जाडीचं रबर त्याला जास्त दिवस पुरतं. हात बसला, पाय नेमका ठेवता येऊ लागला, की किंचित खाली वाकलेला बूट चालेल. अगदी आकड्यासारखा वाकलेला बूट फक्त ओव्हरहँगसाठी, म्हणजे बाहेर झुकलेल्या भिंतीसाठी. तिथे अंग मागे लोंबत असतं आणि अंगठ्याने होल्ड आपल्याकडे ओढून धरावा लागतो, तेव्हा त्या वाकाचा उपयोग होतो. एक प्रयत्न झाला की बूट उतरवायचा, हे ज्यांना जमतं त्यांनीच तो घ्यावा. सरळ भिंतीवर त्याने पोटऱ्या तेवढ्या भरून येतात.

सह्याद्रीत चढणाऱ्यांसाठी जरा सविस्तर लिहितो, कारण दुकानात दिसणारे बरेचसे बूट आपल्या कातळाचा विचार करून बनलेले नसतात. तैलबैला, लिंगाणा, लोणावळ्याची नागफणी, सगळा काळा बेसॉल्ट. उभ्या भिंती, बोटभर रुंदीच्या पायऱ्या, मध्येच घसारा आणि एकापुढे एक पिच, म्हणजे दोराच्या लांबीचे टप्पे. सकाळी घातलेला बूट दुपारपर्यंत पायात राहतो, कातळ तापतो, पाय सुजतो. इथे सपाट, कडेवर नीट उभं राहता येईल असा आणि पातळ मोजा मावेल असा बूटच हवा. तुमच्या नेहमीच्या मापाचा असला तरी बिघडत नाही. हंपीच्या ग्रॅनाइटवर गोष्ट वेगळी आहे. गुळगुळीत उतारावर रबर जितकं जास्त टेकेल तितकी पकड येते, म्हणून तिथे मऊ तळ बरा. भेगेत पाय खुपसून चढणार असाल तर बोटं सपाट असलीच पाहिजेत, कारण दुमडलेली बोटं भेगेत चिरडतात.

पायथ्यापर्यंत जाताना हंटर किंवा कुठलेही ट्रेकिंगचे बूट घाला, आणि परतताना तेच. क्लाइंबिंगच्या बुटाच्या टाचेत गादी नसते. तो घालून घसाऱ्यावरून उतरणं टाचेला आणि घोट्याला फार महागात पडतं.

बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय दिवसभरात थोडा फुगलेला असतो. नखं आदल्या दिवशी सरळ रेषेत कापून ठेवा, कोपरे खोल कापू नका, नाहीतर नख मांसात रुततं. जाण्याआधी ओला पाय शहाबादी फरशीवर ठेवून ठसा पाहा. अंगठ्यापेक्षा दुसरं बोट लांब असेल तर अंगठ्याकडे तिरका निमुळता होणारा बूट तुमच्यासाठी नाही, टोक मध्यावर असलेला पाहा. बूट घातल्यावर बोटांची टोकं पुढे टेकली पाहिजेत, पेर किंचित वाकलं तर हरकत नाही. टाचेत पोकळी नको आणि टाचेमागच्या शिरेवर काठ रुतायला नको. मग पायरीच्या कडेवर नुसत्या अंगठ्यांवर उभे राहा. सगळीकडून सारखा आवळ जाणवत असेल तर बूट बरोबर आहे. एकाच जागी टोचत किंवा जळजळत असेल, बोटं बधिर होत असतील, तर तो परत ठेवा. दहा मिनिटं तरी पायात ठेवल्याशिवाय पैसे देऊ नका. नंबरावर विसंबू नका, दर कंपनीचं माप निराळं असतं.

बाहेरून आलेल्या बुटांची किंमत दहा हजारांच्या पुढे सहज जाते, त्यामुळे वापरलेले बूट घेण्याचा मोह होतो. पण आधीच्या माणसाच्या पायाचा आकार त्यात बसलेला असतो, कधी कधी त्याची बुरशीही. पावसाळ्यात कडे बंद आणि वॉलवर गर्दी, तेव्हा चिखल्यांचे रुग्ण आमच्याकडे वाढतात. वॉलवरचे भाड्याचे बूट मोज्याशिवाय घालू नका. स्वतःचे बूट दर वेळी उघडे करून सावलीत, वाऱ्यावर वाळवा. बंद गाडीत उन्हात ठेवलेल्या बुटाचा डिंक सुटतो.

नखाखालचं रक्त ठणकत असेल, बूट काढल्यावर तासाभरानेही बोटं बधिर असतील, अंगठ्याच्या मुळाशी सूज आठवडाभर उतरत नसेल, तर चढणं थांबवा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना पाय दाखवा. मधुमेह असलेल्यांनी तर बूट घेण्याआधीच पायाची संवेदना तपासून घ्यावी. संवेदना कमी झाली असेल तर घट्ट बुटाची जखम दुखत नाही, म्हणून कळत नाही आणि चिघळते. अशांनी दर चढाईनंतर दोन्ही तळवे आणि बोटांमधल्या बेचक्या उजेडात पाहाव्यात. एक फोड जरी दिसला, तरी तो बरा होईपर्यंत बूट चढवू नये.