‘वहिनी, तुम्हाला नाही कळणार’

हे वाक्य मी तीनदा ऐकलं. वायर किती जाडीची टाकली विचारलं तेव्हा, फ्यूज दिसत नाही म्हटलं तेव्हा आणि बिल मागितलं तेव्हा. फिटिंग करणारा उत्तर द्यायचा तेही माझ्या नवऱ्याकडे बघून. त्याचं नाव लिहीत नाही. सुरमईचा वास गाडीतून जायला तीन आठवडे लागले, एवढंच सांगते.

१२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला फ्रीज व्हॅनच्या डिकीत बसवला. पहिल्या फेरीत अलिबागला जेवायला थांबलो, तर इंजिन बंद केल्यावर पाच मिनिटांत फ्रीजही बंद. परत आल्यावर फिटिंगवाल्याने सेटिंगमध्ये ‘हाय’चं ‘लो’ केलं. फ्रीज सुरू. ‘बघा, झालं!’

ते सेटिंग कशासाठी असतं? बॅटरी उतरायला लागली की इंजिनापुरती ताकद राखून फ्रीजने स्वतःहून थांबावं, यासाठी. ‘हाय’वर तो साधारण ११.८ व्होल्टला थांबतो, ‘लो’वर १०च्या आसपास. म्हणजे दुखणं तसंच ठेवून त्याने राखणदारालाच झोपवलं.

मेच्या अखेरीस, १ जूनपासून मासेमारी बंद व्हायच्या आत, हर्णैच्या संध्याकाळच्या लिलावात सुरमई घेतली. रात्री कर्द्याला गाडीतच झोपलो. सकाळी सहाला चावी फिरवली, तर नुसतं टिक टिक टिक. फ्रीज ४-५ अँपिअर ओढतो. मध्येमध्ये थांबत चालला, तरी रात्रभरात २५ अँपिअर-तास सहज जातात. आमची बॅटरी ४५ची, तीही तीन वर्षं वापरलेली.

दापोलीहून मेकॅनिक आला. जंप देऊन गाडी सुरू केली, मीटर काढला. बॅटरीवर १४.१, फ्रीजच्या प्लगवर १३.२. मी म्हटलं, पुन्हा मोजा. पुन्हा तेच. जवळजवळ एक व्होल्ट वाटेतच गायब! म्हणजे अलिबागला बॅटरी ठणठणीत होती. बारीक वायरीतून फ्रीजपर्यंत पुरेसं व्होल्टेज पोचत नव्हतं. मग त्याने बॉनेटखाली बोट दाखवलं. पत्र्याच्या भोकातून वायर तशीच ओवलेली, रबराचं ग्रोमेट नाही, घासून तांबं दिसत होतं. आणि फ्यूज नाहीच. त्या वायरीवर आम्ही रात्रभर झोपलो होतो.

फिटिंगवाल्याला फोन केला. म्हणाला, ‘गाडी उभी असताना फ्रीज चालवलात कशाला?’

तर आता माझं ऐका.

फ्रीजसाठी बॅटरीपासून वेगळी वायर ओढा. पाच मीटर अंतराला १ चौरस मिलिमीटरच्या वायरीत ५ अँपिअरला ०.९ व्होल्ट जातात. ६च्या वायरीत ०.२देखील जात नाहीत. मी लोहार चाळीतून स्वतः मोजून आणली.

१५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात हवा. फ्यूज फ्रीजसाठी नसतो, वायर पेटू नये म्हणून असतो. फ्रीजच्या टोकाला लावून उपयोग नाही.

इंजिनाच्याच बॅटरीवर चालवत असाल तर सेटिंग ‘हाय’वरच ठेवा. रात्री मुक्काम करणार असाल तर दुसरी बॅटरी घ्या, लिथियम आयर्न फॉस्फेटची परवडली तर उत्तम. साधी लेड-ॲसिड बॅटरी झोपायच्या जागेत ठेवू नका; चार्ज होताना हायड्रोजन सोडते. बऱ्याच बीएस-६ गाड्यांत अल्टरनेटर मध्येच व्होल्टेज उतरवतो, म्हणून नुसती रिले लावून दुसरी बॅटरी पुरती भरत नाही. डीसी-टू-डीसी चार्जर लागतो. इन्व्हर्टर लावून १२चे २३० आणि पुन्हा १२ करू नका, वीज फुकट जाते.

फ्रीज आदल्या रात्री घरच्या विजेवर थंड करा. आम्ही खेतवाडीत तिसऱ्या मजल्यावर, गाडी गल्लीत. गॅलरीतून वायर सोडायचा सल्लाही मिळाला होता! आम्ही फ्रीजच वर नेतो, पाण्याच्या गोठलेल्या बाटल्यांसकट खाली आणतो. फ्रीजच्या हवेच्या जाळीवर चादरी टाकू नका.

घाई करू नका, बिल घ्या, फोटो काढून ठेवा. आणि पैसे देण्याआधी फ्रीज चालू ठेवून दोन्ही टोकांना व्होल्टेज मोजायला लावा. टाळाटाळ केली तर स्वतः मोजा. साधा मीटर काही शे रुपयांत मिळतो. तो नवऱ्याकडे बघून उत्तर देत नाही.