‘कांदिसा’चा अर्थ आणि चढ

‘इंडियन ओशन’चं ‘कांदिसा’ (२०००) ऐकून मित्र म्हणतात, “भारी आहे, पण अर्थ कळत नाही.” हे केरळच्या सिरियन ख्रिस्ती परंपरेतलं जुनं स्तोत्र. भाषा सुरियानी, येशू बोलायचा त्या अरामीचीच एक बोली. देव पवित्र आहे, त्याने आमच्यावर दया करावी, एवढंच मागणं.

रचनाही तशीच. सुरुवात शांत. शब्द मोजके, तेच परत परत. पुढे शब्द वाढत नाहीत. गिटार, बास, तबला, ड्रम्स यांचा जोर वाढतो.

काहींना वाटतं, रॉकमुळे प्रार्थनेचा मान गेला. मला नाही पटत. रोझरीतही आपण तेच शब्द पुन्हा म्हणतो आणि ते हळूहळू मनाला लागतात. इथे विनवणीची हाक होते. ऐकताना आधी फक्त तबला धरा, मग आवाज. हा चढ आपोआप कळेल.