बाजाराचा कारभार व कास्तकाराचें उत्पन्न

जमीन तीच, कापूस तोच. तरी कास्तकाराच्या पदरीं दाम किती पडतात, हें बाजाराच्या कारभारावरहि अवलंबून असतें. खामगांवास १८७० सालीं आगगाडी आली व पेठ वाढली. परंतु दलाल व मापाडी यांस परवान्याचें बंधन १८९७ च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्यानें घातलें. कायदा चांगला, पण समिती व्यापाऱ्यांच्या हातीं, पिकविणारास तींत जागा नाहीं, आणि शिल्लक उत्पन्न नगरपालिकेच्या खजिन्यांत! नुसतें कलम मापाड्याचा कांटा सरळ करीत नाहीं, हें दप्तरांत आयुष्य घालविलेल्यास निराळें सांगावयास नको. मुंबई इलाख्यानें १९२७ सालीं उत्पादकांस समितींत घेतलें. वऱ्हाडांतील उणीव शेतकी रॉयल कमिशननें १९२८ सालीं दाखविली. आतां समितीवर शेतकऱ्यांचे प्रतिनिधि निवडून जातात. वाचकांनीं त्यांजकडे वार्षिक हिशेब मागावा, आणि मापाची पावती घेतल्यावांचून गाडी हलवूं नये.