काफ्काच्या दारावर तिकीट-तपासणी

प्रश्न : वाळूजच्या आमच्या कारखान्यातील यंत्रांचे संदेश तीन सर्व्हरवरच्या काफ्कात जमा होतात. नेटवर्कवरचा कुणीही ते वाचू शकतो. कर्बेरॉस लावावे का?
– एक वाचक, गारखेडा

उत्तर : पुण्याच्या नेहा नारखेडे यांनी जे क्रेप्स व जुन राव यांच्यासह लिंक्डइनमध्ये घडवलेले काफ्का २०११ मध्ये सर्वांना खुले झाले, दाराला कडी मात्र २०१५ च्या ०.९ आवृत्तीत लागली. तेव्हापासून कर्बेरॉसची सोय आतच आहे, नवा कोड लिहायला नको.

एमआयटीत १९८०च्या दशकात जन्मलेल्या कर्बेरॉस पद्धतीत पासवर्ड नेटवर्कवरून जातच नाही. तुमचा प्रोग्राम आधी मध्यवर्ती केंद्राकडे ओळख पटवतो आणि ठरावीक मुदतीचे तिकीट घेतो. ते दाखवून काफ्कासाठीचे वेगळे तिकीट मिळते. ते सर्व्हरच्याच किल्लीने कुलूपबंद असते, त्यामुळे सर्व्हर केंद्राला न विचारता ते तपासतो. ही किल्ली कीटॅब फाइलमध्ये असते. ती पेनड्राइव्हवर फिरवू नका!

बहुतेक जण अडकतात ते घड्याळात. पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की तिकीट सहसा नाकारले जाते. यंत्रांची नावेही डीएनएसमध्ये अचूक हवीत. कर्बेरॉससाठी नवे पोर्ट उघडा, पण जुने लगेच बंद करू नका. सगळे प्रोग्राम नव्यावर आले की मगच करा. तिकिटाने फक्त ओळख पटते. कोणी काय वाचायचे हे एसीएलने, म्हणजे परवानगीच्या यादीने ठरवा, आणि वाटेत संदेश कुणी वाचू नये म्हणून टीएलएस लावा.

कंपनीत अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी असेल तर तिकिटे देणारे केंद्र आयतेच मिळते, मग कर्बेरॉस जरूर लावा. नसेल, तर तीन सर्व्हरसाठी एवढा पसारा कशाला? टीएलएससह स्क्रॅम ही पासवर्डवर चालणारी साधी पद्धत पुरेशी आहे.